खंड पंधरा की एकवीस?

आज एका ओळीबद्दल लिहितो आहे. कवितेची ओळ नव्हे. शास्त्रीय नियतकालिकातल्या लेखाच्या शेवटी बारीक टाइपात संदर्भांची यादी असते ना, तिच्यातली. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत आणली तर साधारण अशी दिसेल:

कापरेकर, डी. आर. '६१७४ या संख्येचा एक मनोरंजक गुणधर्म'. स्क्रिप्टा मॅथेमॅटिका, १५, २४४-२४५, १९५५.

आधी माणूस कोण ते सांगतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन, १९२९ साली बी. एस्सी. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. एम. एस्सी. नाही, पीएच. डी. नाही, लेखावर छापायला कुठल्या विद्यापीठाचे नाव नाही. एक मास्तर, आकड्यांचा नाद आणि पोस्टाची तिकिटे, एवढेच भांडवल.

६१७४ ची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सांगतो. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तीचे वर्षच घ्या, १९४८. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९८४१. चढत्या क्रमाने लावा, १४८९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तेच करा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कुठल्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. कापरेकर गुरुजींना हे १९४६ साली सापडले आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण ऑफ तासाला दुसऱ्याच्या वर्गावर जावे लागले की हा खेळ फळ्यावर हमखास चालायचा. मागच्या बाकावरची पोरेसुद्धा वजाबाकी करायची!

तर आता ती ओळ. तिच्यात लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि साल आहे. पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा लिहितो तसेच हे. आमचे लोहा पूर्वी कंधार तालुक्यात होते. तालुका वेगळा झाल्यावरही लोक सवयीने 'ता. कंधार' लिहीत आणि पत्र बरोबर पोचे, कारण पोस्टमन माणसांना ओळखत असे. ग्रंथालयातले रॅक कुणाला ओळखत नाही. तिथे खंड चुकला की लेख हरवला.

आणि वरच्या ओळीत खंड चुकलेला आहे.

स्क्रिप्टा मॅथेमॅटिका हे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातून निघणारे त्रैमासिक. ते बंद पडूनही आता पन्नास वर्षे झाली. त्यात गुरुजींचा १९४९ साली एक छोटा लेख आला होता, पत्त्यांच्या एकट्याने खेळायच्या डावावरून नाव दिलेला: 'आणखी एक सॉलिटेअर'. खंड १५, पृष्ठे २४४-२४५. आता हिशेब करा. १९४९ ला पंधरावा खंड, वर्षाला एक खंड, तर १९५५ ला कितवा? एकविसावा. ६१७४ वरचा १९५५ चा लेख खरोखरच एकविसाव्या खंडात, पृष्ठ ३०४ वर आहे. म्हणजे एका लेखाला दुसऱ्या लेखाचा पत्ता चिकटला. दोन नोंदी एकाखाली एक असताना उतरवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर घसरली असावी. पुस्तकांत, लेखांत, इंटरनेटवर कित्येक ठिकाणी ही चूक जशीच्या तशी दिसते. पंधरावा खंड आणि १९५५ साल एकत्र बसत नाहीत हे पाचवीतला मुलगा सांगेल. पण मूळ पान उघडायचे कष्ट न घेता पुढच्याने मागच्याची यादी उतरवली, त्याच्या पुढच्याने त्याची.

हा रोग नवा नाही म्हणा. आपल्या पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला तो कशामुळे? नकलाकारांनी तीनशे वर्षांत घातलेल्या गोंधळामुळेच. छापखाना आला, संगणक आला, नक्कल फक्त वेगवान झाली.

संदर्भ कसा मांडावा याच्या पद्धतींचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. लेखकाचे आडनाव आणि कंसात साल, ही आज सगळीकडे दिसणारी तऱ्हा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ साली गोगलगाईवरच्या लेखात वापरली, तिथून ती रूढ झाली असे मानतात. वैद्यकातल्या नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी आकडे घालायची पद्धत ठरवली: लेखात जो संदर्भ आधी येईल तो एक, मग दोन. एकीकडे आडनावाप्रमाणे अक्षरक्रम, दुसरीकडे येईल तो क्रम. बाकी पूर्णविराम कुठे आणि खंडाचा आकडा ठळक की साधा, याचे प्रत्येक नियतकालिकाचे सोवळे वेगळे.

माझ्या पुतण्याची मुलगी रसायनशास्त्रात संशोधन करते. तिचा लेख एकाने नाकारला म्हणून दुसरीकडे पाठवायचा होता, तर दोन दिवस म्हणे नुसते स्वल्पविराम बदलण्यात गेले असते. तिने संगणकातल्या एका प्रोग्रामने ते घटकाभरात केले. मला हे आवडले. स्वल्पविरामासाठी तरुण मुलांनी डोळे का फोडावेत? पण मी तिला म्हटले, बाई, तुझा प्रोग्राम स्वल्पविराम हलवील, पंधराचे एकवीस काही करणार नाही. ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही अजून पेपरच तपासताय!" असो.

आडनाव आधी लिहायची पद्धत आपल्याला सोपी जाते, शाळेच्या हजेरीपटावर आपण तेच करतो. दक्षिणेतल्या लोकांची पंचाईत होते. रामानुजनना आडनावच नव्हते, श्रीनिवास हे वडिलांचे नाव. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांच्या नावातले शियाळी हे तर गाव. यादी करणाऱ्याला हे माहीत नसेल तर गाव किंवा बाप आडनाव होऊन बसतो.

गुरुजींचे बरेचसे काम मात्र कुठल्या मोठ्या नियतकालिकात आले नाही. पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तिका छापल्या. त्यातली एक १९६३ ची, 'स्वयंभू' संख्यांवरची. २१ मध्ये तिचेच अंक मिळवले की २४ होतात, म्हणजे २४ ला २१ ने जन्म दिला. पण २० ला असा जन्मदाता सापडत नाही, म्हणून २० स्वयंभू. खास आपल्याकडचे नाव! पण पदरचे पैसे घालून छापलेली पुस्तिका किती ग्रंथालयांत पोचणार? १९७४ साली कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात याच संख्यांवर प्रश्न घातला आणि जगात त्यांना 'कोलंबियन संख्या' हेही नाव पडले. पुढल्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे हे देवळालीचे मास्तर सगळीकडे माहीत झाले. १९८६ साली ते देवळालीलाच वारले.

नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेला संख्यामालिकांचा एक कोश आहे, आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात या संख्यांच्या नोंदीत कोलंबिया आहे आणि खाली संदर्भांत गुरुजींची पुस्तिकाही आहे. तिला खंड नाही, अंक नाही. प्रकाशकाच्या जागी 'खासगी छपाई' असे लिहिले आहे आणि पुढे गुरुजींच्या घराचा पत्ता, देवळाली कॅम्प, १९६३.