पेनी, क्लास आणि तिकीट

छोट्या मेथडिस्ट मंडळीच्या आठवड्याचा खरा कणा रविवारच्या उपासनेपेक्षाही ‘क्लास’ हा होता, आणि त्याचा उगम कर्जात आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्टांनी ‘न्यू रूम’ हे सभागृह १७३९ मध्ये बांधायला घेतले. त्याचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये असे ठरले, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि सुमारे बारा जणांमागे एका पुढाऱ्याने ती गोळा करावी. एखाद्याला पेनी परवडत नसेल, तर पुढाऱ्याने ती पदरची घालायची. पुढारी दारोदार फिरू लागले, तेव्हा कुणाचे आजारपण, कुणाचे भांडण, कुणाचे दारूचे व्यसन उघड झाले. मग सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, अशी रीत पडली. गीत, प्रार्थना आणि प्रत्येकाला त्याच्या आत्मिक अवस्थेविषयी विचारपूस, एवढेच तिचे स्वरूप. कित्येक क्लास स्त्रियाही चालवीत. त्या काळात ही गोष्ट फार मोठी होती.

दर तीन महिन्यांनी सभासदाला छापील तिकीट मिळे. बोटभर कागदाच्या त्या तुकड्यावर बायबलमधील एक वचन असे आणि हाताने लिहिलेले नाव. ते दाखवूनच प्रीतिभोजनाला बसता येई. तिथे साधा पाव वाटला जाई आणि दोन कानांचा पाण्याचा पेला हातोहात फिरे.

हीच क्लासची पद्धत अमेरिकन मेथडिस्ट धर्मप्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१-७२ मध्ये मुंबईत आणली.