बालवीर चळवळ : गणवेश, नियम व दर्जा

मुलामुलींच्या ठिकाणी स्वावलंबन, सेवावृत्ती, निसर्गप्रेम व शिस्त हे गुण खेळ आणि शिबिरजीवन यांच्याद्वारे रुजावेत, या हेतूने चालविली जाणारी स्वयंसेवी चळवळ. मुलांच्या शाखेस स्काउट अथवा बालवीर व मुलींच्या शाखेस गाइड अथवा वीरबाला म्हणतात. पथके चालविणारे प्रौढ नेते बहुधा शिक्षक असून ते हे काम विनावेतन, हौसेने करतात. मुलांनी काय ल्यावे, कोणते वचन घ्यावे आणि कोणत्या कसोटीला उतरल्यावर त्यांना बालवीर म्हणावे, यांविषयी या नेत्यांत आरंभापासून वाद होत आले आहेत. वरवर पाहता हे वाद टोपी, गळपट्टा व बिल्ले यांचे वाटतात; परंतु मुलाची निष्ठा कोणाशी आणि चळवळीचे दार कोणासाठी उघडे, हे प्रश्न त्यांच्या मुळाशी आहेत. भारतातील, विशेषतः कोकणातील परिस्थितीच्या संदर्भात या वादांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

उगम : ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले आणि १९०८ मध्ये स्काउटिंग फॉर बॉइज हे पुस्तक पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध केले. ते वाचून मुलांनी ठिकठिकाणी आपणहून पथके उभारली. त्यांना आवर घालणारी संघटना व तिची नियमावली नंतर आली. १९०९ च्या लंडनमधील मेळाव्यास मुलीही स्काउटचा वेश करून आल्या. त्यातून पुढील वर्षी गाइड शाखा निघाली. पोशाखामुळे संघटनेस आपला विस्तार करावा लागल्याचे हे पहिले उदाहरण होय.

रुंद कडेची टोपी, खाकी सदरा व अर्धी विजार हा वेश बेडन-पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतील आपल्या पोलीस दलाच्या पोशाखावरून घेतला. खाकी रंगाचा उगम मात्र हिंदुस्थानातला. खाक म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरकडील ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने हा रंग प्रथम वापरला व तेथून तो ब्रिटिश सैन्यात पसरला. मुलींच्या शाखेचे गाइड हे नावही त्याच पलटणीवरून सुचले. अशा रीतीने हिंदुस्थानात निपजलेला रंग जगभर फिरून साहेबाचा पोशाख म्हणून येथे परत आला.

एकाच वेशामुळे गरीब-श्रीमंत हा भेद झाकला जातो, ही गणवेशामागील बेडन-पॉवेल यांची प्रमुख भूमिका होती. आरंभीच्या नियमांतही, समोरचा बालवीर कोणत्या सामाजिक थरातला आहे हे न पाहता त्याला भाऊ मानावे, असा एक नियम होता. मूळ नियम नऊ होते. विचार, उच्चार व आचार यांच्या शुद्धतेचा दहावा नियम १९११ मध्ये जोडण्यात आला.

हिंदुस्थानातील प्रारंभ : येथे १९०९ पासून निघालेली पथके यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. हिंदी मुलांना टेहळणी व संचलन शिकविल्यास त्याचा उपयोग क्रांतिकारकांना होईल, अशी सरकारी अधिकाऱ्यांची धास्ती होती. बंधुत्वाचा नियम पाठ करणाऱ्या संघटनेचे दार देशातील बहुसंख्य मुलांना बंद होते. त्यामुळे ॲनी बेझंट (१८४७–१९३३) यांनी जी. एस. अरुंडेल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मद्रास येथे हिंदी बालवीरांची स्वतंत्र संघटना काढली. तिच्यातील मुले साहेबी टोपीऐवजी फेटा बांधीत व देशी गाणी म्हणत. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय (१८६१–१९४६), हृदयनाथ कुंझरू (१८८७–१९७८) व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समिती बालवीर संघटना स्थापन केली.

व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्या निमंत्रणावरून बेडन-पॉवेल १९२१ साली हिंदुस्थानात आले. त्या वेळी बहुतेक संघटना एकत्र आल्या व हिंदी मुलांना मुख्य संघटनेत प्रवेश मिळाला. सेवा समिती मात्र बाहेर राहिली, कारण वचनातील राजनिष्ठेचा मुद्दा तिच्या नेत्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. पोशाखाबाबत तडजोड होऊ शकली; वचनाबाबत ती झाली नाही.

रत्नागिरीची पार्श्वभूमी : गणवेश ही वस्तू रत्नागिरी जिल्ह्यास नवी नव्हती. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातील मराठा व महार तरुण मोठ्या संख्येने भरती होत. सैनिकी छावणीमुळे दापोलीस ‘कँप दापोली’ हे नाव पडले आणि तेथे निवृत्त सैनिकांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळ बाबा वलंगकर यांनी दापोलीहून सरकारकडे अर्जाद्वारे दाद मागितली. ज्या समाजास सार्वजनिक पाणवठा बंद होता, त्याच्या दृष्टीने अंगावरील गणवेश हा उपजीविकेचा व प्रतिष्ठेचा पुरावा होता; तो हिरावला जाणे म्हणजे माणूस म्हणून मिळालेली ओळख गमावणे होते.

याच जिल्ह्यात १९२४ नंतर स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकर यांनी शाळांमध्ये अस्पृश्य मुलांना इतरांबरोबर सरमिसळ बसविण्यासाठी चळवळ केली. एका बाकावर बसण्यासाठीही जेथे झगडावे लागत होते, तेथे एका तंबूत झोपणे व एका भांड्यातले अन्न वाटून घेणे हा बालवीरांचा शिबिरक्रम किती दूरगामी होता, हे सहज लक्षात येईल. बंधुत्वाच्या नियमाची खरी कसोटी शिबिरातील पंगतीस लागते.

दुसरी अडचण राजनिष्ठेची होती. ब्रिटिश अमदानीत व्हाइसरॉय हे देशाचे व गव्हर्नर हे प्रांताचे मुख्य स्काउट असत. १९३० मध्ये तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. अशा काळात राजाप्रतीच्या कर्तव्याचे वचन मुलांकडून म्हणवून घेणारा शिक्षक दुहेरी पेचात सापडणे स्वाभाविक होते.

तिसरी अडचण आर्थिक. मुंबईच्या गिरण्या व गोद्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर कोकणातील असंख्य घरे चालत. टोपी, गळपट्टा, पट्टा, मोजे व बूट असा संपूर्ण संच अशा घरास परवडणे कठीण. शिवाय वर्षाकाठी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि जांभ्याच्या सड्यांनी व्यापलेल्या या प्रदेशात लोकरी मोजे व कातडी बूट सोयीचेही नाहीत. समतेसाठी योजिलेला वेश महाग असला, की तोच विषमतेचे कारण ठरतो. ज्याच्याकडे तो नाही, ते मूल रांगेबाहेर उभे राहते. गणवेशाच्या काटेकोरपणाचा आग्रह धरणारा नेता आणि त्यात सूट देणारा नेता यांच्यातील मतभेदाचे हे वास्तव कारण होय. पहिल्यास सूट म्हणजे शिथिलतेचा आरंभ वाटतो; दुसऱ्यास काटेकोरपणा म्हणजे गरिबाला घातलेली बंदी वाटते.

फूट व एकीकरण : १९३७ मध्ये दिल्लीस भरलेल्या अखिल भारतीय मेळाव्यास बेडन-पॉवेल उपस्थित होते. त्यानंतर हिंदी भाषांत ‘ऑनर’ या कल्पनेस शब्दच नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्‌गार प्रसिद्ध झाले व देशभर संतापाची लाट उसळली. अनेक नेत्यांनी राजीनामे दिले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही संघटना उभी राहिली. स्काउटचे वचन स्वतःच्या अब्रूला स्मरूनच घ्यावयाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांनी वचनाच्या मुळावरच घाव कसा घातला, ते कळते.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही प्रवाह ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ या संस्थेत विलीन झाले. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड शाखाही तीत सामील झाली. कुंझरू हे संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. वचनातील राजाची जागा देशाने घेतली. तसेच ईश्वर या शब्दाऐवजी इच्छेनुसार धर्म हा शब्द वापरण्याची मुभा देण्यात आली. पुढे नियमांची संख्या नऊ करण्यात आली. मूळ नियमांतील आज्ञापालनाचे कलम बदलून बालवीर शिस्तप्रिय असतो व सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणास मदत करतो, असे त्याचे रूप झाले. वरिष्ठाच्या हुकुमाऐवजी सर्वांच्या मालकीच्या वस्तूशी शिस्तीचा संबंध जोडला गेला, हा बदल अर्थपूर्ण आहे. बोधचिन्हात कमलसदृश फूल व त्रिदल यांवर अशोकचक्र आले. खाकीची जागा कालांतराने पोलादी करड्या सदऱ्याने व गडद निळ्या विजारीने घेतली.

शिस्तीविषयीचे दोन दृष्टिकोन : स्वातंत्र्योत्तर काळात या वादास रत्नागिरीच्या एका लोकप्रतिनिधीमुळे वेगळे वळण लागले. आझाद हिंद सेनेतील सेनाधिकारी जगन्नाथराव भोसले (१९०६–६३) हे मूळचे सावंतवाडी संस्थानातील. १९५२ च्या निवडणुकीत ते उत्तर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीमुळे निर्वासित झालेल्या मुलांची विस्कटलेली मने सावरावीत, म्हणून त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीतील कस्तुरबा निकेतन येथे राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. तीत वेतन घेणारे प्रशिक्षित निदेशक शाळेतील सर्व मुलांकडून संचलन, कवायत व समूहगीते करवून घेत. तिचा प्रसार वेगाने अनेक राज्यांत झाला.

बालवीर पद्धती याहून भिन्न आहे. तीत प्रवेश ऐच्छिक असतो. पथकाचे सहा ते आठ मुलांचे संघ करतात व प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा असतो. प्रौढ नेत्याने शक्यतो मागे राहावयाचे असते. भोसले यांच्यापुढे उद्ध्वस्त झालेल्या हजारो मुलांचा तातडीचा प्रश्न होता. स्वयंसेवक मिळेपर्यंत थांबणे त्यांना शक्य नव्हते. उलट लादलेली शिस्त निदेशकाची पाठ फिरताच विरते, हा बालवीर नेत्यांचा अनुभव होता. या व अशा इतर योजनांचा मेळ घालण्यासाठी केंद्र सरकारने १९५९ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्षपद कुंझरू यांच्याकडे होते. समितीच्या शिफारशींनुसार शिस्त योजना, सहायक छात्रसेना व शारीरिक शिक्षण यांचे एकत्रीकरण होऊन १९६५ मध्ये ‘नॅशनल फिटनेस कोअर’ हा कार्यक्रम आला. तो पुढे मागे पडला. बालवीर चळवळ स्वतंत्र व ऐच्छिक राहिली, आणि टिकलीही.

दर्जाचा प्रश्न : प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या भारतीय संघटनेने ठरविल्या. गाठी बांधणे, प्रथमोपचार, नकाशावाचन, स्वयंपाक यांसारख्या कौशल्यांसाठी कसोट्या असतात. नेत्यांसाठीही क्रमवार प्रशिक्षण असून त्याची परिणती हिमालय वुडबॅज या पदवीत होते. मध्य प्रदेशातील पचमढी येथे १९५६ पासून राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पुरस्काराचे आकर्षण वाढले, की कसोट्या उरकण्याकडे कल होतो. त्या फार कडक केल्या, तर साधने व मार्गदर्शन यांना वंचित असलेल्या खेड्यातील शाळा मागे पडतात. ही ओढाताण केवळ भारतातील नाही. ब्रिटनमध्ये १९६६ च्या अहवालानुसार अर्धी विजार व रुंद टोपी काढून टाकण्यात आली आणि अभ्यासक्रम बदलला. तो बदल न पटलेल्या नेत्यांनी १९७० मध्ये बेडन-पॉवेल यांच्या मूळ पद्धतीची वेगळी संघटना काढली.

या इतिहासावरून असे दिसते, की ज्या पोशाखासाठी नेते भांडले, तो सर्वत्र बदलला. टोपी गेली, फेटा गेला, खाकीही मागे पडली. संघ, शिबिर, वचन व विनावेतन नेता एवढ्या गोष्टी मात्र कायम राहिल्या. गणवेशाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, कारण एका रंगाच्या कपड्याने जात व ऐपत काही काळ तरी झाकली जाते. मात्र तो सर्वांत गरीब मुलाला परवडला पाहिजे. कोकणातील मनिऑर्डरीवर जगणाऱ्या घरातले मूल कपड्यावाचून रांगेबाहेर राहिले, तर बंधुत्वाचा नियम पाठ असूनही तो मोडलेला असतो.