पावतीपुस्तक ते पगारपत्रक

घाटकोपरच्या पंतनगरात राहून डॉक्टरकी करणाऱ्या दत्ता सामंतांकडे खाणकामगार आधी रोगी म्हणून आले आणि पुढे सभासद झाले. सामंतांच्या झंझावाताविषयी भरपूर लिहिले गेले आहे. १९८२च्या गिरणी संपाकडे वर्गणीच्या बाजूने मात्र आपण फारसे पाहत नाही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटना ठरायला किमान २५ टक्के सभासद दाखवावे लागत, आणि सभासद म्हणजे वर्गणी भरणारा. गेटसभेतली गर्दी त्या हिशेबात बसत नव्हती. हा कायदाच रद्द करा, ही सामंतांची मागणी त्यातूनच आली.

वर्गणी गोळा होई ती हातोहात. १९२८च्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्या खात्याखात्यांतून पैसे जमवत. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने या वहिवाटीला आकडे दिले: महिना किमान ५० पैसे, तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असेल तर सभासदत्व धरायचे नाही, आणि मान्यतेसाठी ३० टक्के सभासद. मान्यताप्राप्त संघटनेला पगारवाटपाच्या जागी वर्गणी घेण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे मालकाच्या आवारात उभे राहायला जागा मिळाली, पण हात पुढे करायचा तो संघटनेनेच. चार तक्रारी ऐकून घेतल्याशिवाय पावती फाटत नसणार.

पगारातून परस्पर वर्गणी कापायला १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात वाव नव्हता. तो आणला गेला होता मालकांच्या मनमानी कपातींना आळा घालण्यासाठी. गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. त्यामुळे कायद्याने कपातींची यादीच बांधून दिली. १९८२च्या दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीने युनियनची वर्गणी त्या यादीत आली. मुंबईतल्या गिरण्या बंद होत्या, त्याच वर्षी.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वाट निराळी. १९९३च्या सेवा संघटना मान्यता नियमांनुसार एखाद्या संवर्गातले ३५ टक्के कर्मचारी सभासद असतील तर संघटनेला मान्यता मिळते. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्केही पुरतात. ही मोजणी होते ती पगारपत्रकातल्या कपातीवरून. मालक सरकार, पगार वाटणारे सरकार, वर्गणी कापणारे आणि सभासद मोजणारेही सरकारच! शिवाय या संघटनांना राजकीय निधी ठेवता येत नाही. नोंदणीकृत युनियनला मात्र सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून वेगळा राजकीय निधी उभारता येतो. खासगी कारखान्यातल्या कामगाराला जे चालते, ते टपाल कारकुनाला चालत नाही.

ही सोय काढून घ्यायला इतरत्र कायदे करावे लागले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०११मध्ये बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून वर्गणी कापणे बंद केले. पोलीस आणि अग्निशमन दलाला तेवढे वगळले. मॅडिसनचे विधिमंडळ आंदोलकांनी कित्येक दिवस व्यापून टाकले होते. ब्रिटनने २०१६मध्ये अट घातली, की कपातीचा खर्च संघटनेने सोसावा आणि सभासदाला वर्गणी भरण्याचा दुसरा मार्गही असावा.

आपल्याकडे खात्याचा एक आदेश पुरतो. एप्रिल २०२३मध्ये टपाल खात्याने राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघाची आणि अखिल भारतीय टपाल कर्मचारी संघटनेच्या ‘क’ गटाची मान्यता काढून घेतली. तक्रार निधीच्या वापराची होती. शेतकरी आंदोलनाला दिलेले ३०,००० रुपये त्यात होते. सरकारी पगारातून कापलेला पैसा राजकारणात जाऊ नये, हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तो पैसा पगारात पडल्यावर कर्मचाऱ्याचा होतो, हे विसरून तो मांडला जातो. कपात ही मान्यताप्राप्त संघटनेची सोय. मान्यता गेली, की सोयीचा आधारही जातो.

अशा संघटनेने मग जुन्या पद्धतीकडे वळावे, असे सुचवणे सोपे आहे. गिरणीत पगाराच्या दिवशी शेकडो माणसे एका खिडकीपुढे रांग लावत. टपाल खात्याची कित्येक कार्यालये दोन-तीन माणसांची, आणि पगार थेट बँकेत. पावतीपुस्तक घेऊन कुणी कुठे उभे राहायचे?