अडुळसा: कुंपणापासून कफ सिरपपर्यंत

खोकला झाला की आजी अडुळशाची पानं वाफवून रस काढायची आणि मधातून चाटवायची, आठवतं? वर्तकनगरमधले माझे पेशंट आजही विचारतात, "डॉक्टर, अडुळसा घेतला तर चालेल का?"

आयुर्वेदात अडुळशाला 'वासा' म्हणतात. खोकला, दमा आणि थुंकीतून रक्त पडणे यांवर तो शतकानुशतके दिला गेला. १८८८ साली डेव्हिड हूपर यांनी त्याच्या पानांतून 'व्हॅसिसिन' वेगळे केले. त्यावरून १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्झिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल आले. घरातल्या कफ सिरपचे लेबल वाचा, यापैकी एखादे नाव सापडेल.

पूर्वी क्षयरोगावरही अडुळसाच देत, कारण दुसरे औषधच नव्हते. आज आहे. अडुळशाने कफ सुटेल, पण क्षयाचे जंतू मरणार नाहीत. त्यामुळे खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन घटले, संध्याकाळी ताप आला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर काढ्यावर दिवस घालवू नका. थुंकी तपासून घ्या. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आणखी एक, गर्भवतींनी अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.