थकव्याचं कारण शोधताना

गटाच्या बैठकीत “लई थकवा येतो बाई” हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. आपण म्हणतो, कामाचा असेल, उन्हाचा असेल. आज या थकव्याचाच थोडा इतिहास सांगते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर, म्हणजे किडन्यांवर, टोपीसारखी एकेक छोटी गाठ असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दोन्हींचं वजन मिळून जेमतेम आठ-दहा ग्रॅम. युस्टाकी नावाच्या इटालियन वैद्यानं सोळाव्या शतकातच तिचं वर्णन केलं होतं. पण ती कशासाठी आहे, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये थॉमस ॲडिसन नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे काही रुग्ण एकसारखीच तक्रार घेऊन येत. अंगात त्राण नाही, भूक नाही, उलट्या होतात, कातडी काळवंडत चालली आहे. हळूहळू ते खंगून मरत. मृत्यूनंतर तपासणी केली, तेव्हा त्यांच्या या ग्रंथी खराब झालेल्या दिसल्या. बऱ्याच जणांत कारण होतं क्षयरोग. अशा 11 रुग्णांची हकिगत ॲडिसन यांनी 1855 साली पुस्तकात छापली. आज या आजाराला ‘ॲडिसनचा आजार’ म्हणतात.

आजार कळला, पण औषध नव्हतं. ते यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्यात बायकांच्या सांगण्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच संधिवाताचे रुग्ण बघत. गरोदरपणात सांधेदुखी कमी होते आणि बाळंतपणानंतर परत येते, हे त्यांनी टिपून ठेवलं. कावीळ झाली तरी सांधे हलके होतात, हेही त्यांना दिसलं. म्हणजे शरीरातच काहीतरी औषध तयार होत असणार, असा त्यांनी तर्क केला. तिथलेच एडवर्ड केंडल जनावरांच्या ग्रंथींतून संप्रेरकं वेगळी काढत होते. त्यातलं एक, कॉर्टिसोन, सप्टेंबर 1948 मध्ये 29 वर्षांच्या एका बाईला टोचलं. सांध्यांनी जखडलेली ती बाई आठवडाभरात बाजार करून आली. 1950 साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ॲडिसनच्या रुग्णांनाही आता जगायला गोळी मिळाली. पण लवकरच दुसरी बाजू दिसली. हे औषध जास्त दिवस घेतलं की चेहरा गोल सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. आणखी एक गोष्ट होते. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर आपली ग्रंथी काम थांबवते. मग गोळी एकदम बंद केली तर शरीराजवळ काहीच उरत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं.

मैत्रिणींनो, यालाच आपण ‘स्टेरॉइड’ म्हणतो. डॉक्टरांनी मोजून दिलं तर ते जीव वाचवतं. पण गुडघेदुखीवर कुणीतरी सुट्या गोळ्या देतं, नाव सांगत नाही, दोन दिवसांत बरं वाटतं. देशी औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. म्हणून औषधाचं नाव विचारा, पाकीट जपून ठेवा. बरेच दिवस अशी गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

आणि हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे क्षयरोग अजून आहे, म्हणून ॲडिसनचा आजारही आहे. आपल्या सावळ्या रंगात तो लपतो. उन्हानं रापली असेल असं वाटतं. पण हिरड्या, तोंडाच्या आतली बाजू, तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, वजन उतरलं, उठल्यावर चक्कर येते, सारखं मीठ खावंसं वाटतं, तर दवाखान्यात हे सगळं नीट सांगा. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा. रक्ताच्या तपासणीतून निदान होतं.

हेंच यांनी बायकांचं बोलणं नोंदवून ठेवलं, म्हणून औषधाची वाट सापडली. पुढच्या बैठकीत कुणी थकव्याचं बोलली, तर हिशेबाची वही जरा बाजूला ठेवा आणि आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या.