वादळी हवामानातील बांधकामस्थळ सुरक्षा (अहिल्यानगर जिल्हा)

वादळी वारा, वीज, गारपीट व मुसळधार पाऊस यांपासून कामाच्या जागेवरील माणसांचे आणि यंत्रसामग्रीचे रक्षण करण्यासाठी योजावयाच्या उपायांना वादळी हवामानातील बांधकामस्थळ सुरक्षा असे म्हणता येईल. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. येथील घरबांधणी, रस्ते, विहीर खोदाई व शेततळ्यांची कामे प्रामुख्याने उन्हाळ्यात, उघड्यावर चालतात. वळवाच्या पावसाचा काळही तोच असल्याने हा विषय जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा ठरतो.

हवामान

जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा असून तेथे भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडील बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. मार्च ते जून या काळात जमीन तापल्याने दुपारनंतर गडगडाटी ढग वेगाने तयार होतात. आकाश भरून येणे आणि वारा सुटणे यांत अनेकदा फारच थोडा अवधी असतो. परतीच्या पावसातही विजांचे प्रमाण अधिक असते. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा प्रभाव घाट ओलांडून या जिल्ह्यापर्यंत पोहोचला होता.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत आलेल्या वळवाच्या वादळात घाटकोपर येथे महाकाय जाहिरातफलक कोसळून अनेकांचा मृत्यू झाला, तर वडाळा येथे वाहनतळाचा लोखंडी मनोरा पडला. उंच व अपुऱ्या आधाराचे सांगाडे वाऱ्यात किती घातक ठरतात, हे या घटनांतून दिसून आले.

साधनसामग्रीचे संरक्षण

बहुतेक तयारी वारा सुटण्यापूर्वी, शक्यतो रोजचे काम थांबवतानाच पूर्ण करणे श्रेयस्कर असते.

परांची (पालक) इमारतीला ठरावीक अंतरावर घट्ट बांधावी व तिच्यावरील सुट्या फळ्या आणि पत्रे खाली उतरवावेत. वाऱ्याने उडालेला पत्रा प्राणघातक ठरू शकतो.

फिरत्या क्रेनची भुजा खाली घ्यावी. मनोरा क्रेन बंद ठेवताना तिची भुजा वाऱ्याच्या दिशेने मुक्तपणे फिरू शकेल, अशी व्यवस्था उत्पादकाच्या सूचनेनुसार करावी. विहिरीवरील यारीने माणसे वर आणून मगच ती थांबवावी.

मिक्सर, पंप व वेल्डिंग यंत्रांचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून तोडावा. पावसानंतर जोडण्या कोरड्या असल्याची खात्री केल्याशिवाय तो सुरू करू नये.

सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उंच फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचाव्यात. थप्पी १० गोण्यांहून उंच करू नये.

यंत्रे आणि वाहने खोदकामाच्या काठापासून दूर व सखल भाग टाळून उभी करावीत. ओली माती ढासळण्याचा धोका असतो.

कामगारांची सुरक्षा

भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे देतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या 'दामिनी' या मोबाइल अ‍ॅपवर जवळपास होणाऱ्या विजांची सूचना मिळते.

मेघगर्जना ऐकू येताच परांची, छत, यारी आणि क्रेनजवळील काम थांबवावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उघड्यावरील काम पुन्हा सुरू करू नये. पक्की इमारत किंवा छताची बंद मोटार हा चांगला आसरा असतो. झाड, पत्र्याचे शेड, उघडी परांची व लोखंडी कुंपण टाळावे. आसरा नसल्यास दोन्ही पाय जुळवून खाली बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये.

अशा वेळी ताडपत्री बांधण्यासाठी वा हत्यारे आणण्यासाठी कोणासही वर पाठवू नये. भिजलेले सिमेंट पुन्हा विकत घेता येते. माणसाच्या बाबतीत तशी सोय नाही. त्यामुळे काम थांबवण्याचा निर्णय कोण घेणार, हे मुकादम व ठेकेदाराने आधीच ठरवून सर्वांना सांगणे आवश्यक असते.

वीज पडल्यास

वीज पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतभार राहत नाही. तिला स्पर्श करणे सुरक्षित असते. श्वास व नाडी बंद असल्यास तत्काळ छातीवर दाब देऊन हृदयफुफ्फुस पुनरुज्जीवन करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. विजेच्या तारेला चिकटलेल्या व्यक्तीस मात्र पुरवठा बंद केल्याशिवाय हात लावू नये.

कायदेशीर बाजू

इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ मध्ये कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर ठेवण्यात आली होती. पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये या विषयाचा समावेश करण्यात आला. नोंदणीकृत कामगारांसाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या साहाय्य योजना आहेत.