क्वेन्या शब्दसंग्रहाचा आद्य स्तर व त्याचे नवीकरण

कल्पित भाषेचा इतिहास दुहेरी असतो. एक कथेतील लोकांच्या भाषेचा, आणि दुसरा ती घडविणाऱ्याच्या लेखनाचा. जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या एल्व्ह-भाषांच्या अभ्यासात या दोहोंची गल्लत झाली की निष्कर्ष चुकतात.

टोल्किन यांनी क्वेन्या भाषेचा कोश १९१५ च्या सुमारास आरंभिला. १९३७ च्या सुमारास त्यांनी धातूंवर आधारलेला व्युत्पत्तिकोश रचला, आणि तोही पुढे बदलत राहिला. वाचकांच्या हाती मात्र हे साहित्य उलट क्रमाने आले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली, व्युत्पत्तिकोश १९८७ साली, आणि आद्य कोश संपूर्ण स्वरूपात १९९८ साली प्रसिद्ध झाला. उत्तरकालीन क्वेन्यात लेखन करू पाहणाऱ्यांना नित्याच्या व्यवहारातील शब्दांची उणीव भासत होती. ती भरून काढण्यासाठी ते या आद्य कोशाकडे वळले.

परंतु जुना शब्द जसाच्या तसा उचलता येत नाही. नंतरच्या लेखनात त्याच अर्थाचा दुसरा शब्द आला आहे काय, मूळ धातू टिकला आहे काय, आणि शब्दाचे रूप उत्तरकालीन ध्वनिनियमांत बसते काय, हे तीन प्रश्न प्रथम सोडवावे लागतात. आद्य कोशात ‘ऊर’ म्हणजे सूर्य. उत्तरकालीन भाषेत सूर्याला ‘आनार’ हा शब्द रूढ झाला. म्हणून सूर्य या अर्थी ‘ऊर’ त्याज्य ठरतो. तथापि ऑगस्टशी जुळणाऱ्या महिन्याच्या ‘ऊरिमे’ या नावात त्या धातूचा अवशेष दिसतो. स्वतः टोल्किन यांनीही हेच केले. बटूंच्या कंठहाराचे ‘नाउग्लाफ्रिंग’ हे आरंभीचे नाव पुढे ‘नाउग्लामीर’ झाले. पूर्वपद राहिले, उत्तरपद बदलले.

अशा रीतीने सिद्ध झालेली भाषा टोल्किन यांची म्हणावी काय? कार्ल हॉस्टेटर यांनी २००६ साली या मिश्र रचनेवर कठोर आक्षेप घेतले. त्यांतील मर्म मान्य केले पाहिजे: भिन्न कालखंडांतील रूपे एकत्र आणल्याने जी भाषा होते, ती कर्त्याने कोणत्याही एका वर्षी लिहिलेली नव्हती. मात्र यावरून नवीकरण वर्ज्य ठरत नाही. प्रत्येक शब्दाशी त्याचा कालखंड नोंदविला आणि कल्पित रूप चिन्हांकित केले, तर नवनिर्मिती व पुरावा यांतील सीमा अबाधित राहते. ती पुसली गेली, तर पुढील अभ्यासक अनुयायांचा शब्द कर्त्याच्या नावावर मांडतील.